घराला कुलूप लागलं, सोसायटीने नाव ऐकून नकार दिला: मोफत वकील कुठे आणि कसा मिळतो

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे पालक माझ्याकडे फक्त मुलांच्या मार्कांसाठी येत नाहीत. 'टीचर, जरा ये कागज देखो, क्या लिखा है?' असं म्हणत ओढणीच्या टोकातून किंवा प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद निघतो. कधी लाईटबिलाची थकबाकी असते, कधी बँकेचं पत्र असतं, आणि कधी कोर्टाचं समन्स किंवा नगरपालिकेची नोटीस. मराठी बोलता येतं, पण कोर्टाचं मराठी वाचता येत नाही, अशी आपल्यात बरीच घरं आहेत. वाचता येत नाही म्हणून कागद कपाटावर पडून राहतो, आणि त्यावरची तारीख निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा दाखल्यावरचा पत्ता बदलून घ्यायला आले. बेकरीत काम करणारा, कमी बोलणारा माणूस. पत्ता का बदलला म्हणून सहज विचारलं तर हळूहळू सगळं बाहेर आलं. बकरीदला कुटुंब गावी गेलं होतं. परत आले तर खोलीला दुसरंच कुलूप, आणि सामान जिन्याखाली. करार तोंडी होता, डिपॉझिट चाळीस हजार रोख दिलेलं, पावती नाही. पोलीस चौकीत गेले तर 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा' असं सांगून परत पाठवलं. कोर्ट म्हणजे वकील, वकील म्हणजे पैसा, म्हणून ते गेलेच नाहीत. मोहल्ल्यातल्या दोन-तीन मोठ्या माणसांना मध्ये घातलं, घरमालकाने प्रत्येकाला 'बघू' म्हणून सांगितलं. असे आठ महिने गेले.

मी त्यांना घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेले. तिथे विधी सेवा समितीच्या खोलीत बसलेल्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'कुलूप कधी घातलं? तारीख सांगा.' तारीख ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, 'दोन महिने आधी यायला हवं होतं.'

त्या दोन महिन्यांचं गणित आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं, म्हणून हा लेख लिहायला घेतला.

सहा महिन्यांचं गणित

विशिष्ट अनुतोष कायदा नावाचा १९६३ चा कायदा आहे. नाव अवघड आहे, पण त्याचं कलम ६ साधं आहे. तुम्ही एखाद्या जागेत राहत असाल आणि तुमच्या मर्जीविरुद्ध, कायद्याची रीत न पाळता तुम्हाला बाहेर काढलं, तर जागेचा ताबा परत मिळवण्यासाठी दावा करता येतो. या दाव्यात जागेचा मालक कोण, हा प्रश्न कोर्ट फारसा उकरत नाही. ताबा तुमचा होता का आणि तो जबरदस्तीने घेतला का, एवढंच पाहिलं जातं. म्हणून हा रस्ता जवळचा. पण दावा बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. सहा महिने उलटले की हा रस्ता बंद. दुसरे रस्ते उरतात, पण ते लांबचे आणि जास्त पुराव्याचे.

(बाहेर काढणारं सरकार किंवा सरकारी खातं असेल तर हे कलम चालत नाही. त्याविषयी पुढे लिहिलं आहे.)

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्यातल्या दोन-तीन गोष्टी भाडेकरूच्या फार कामाच्या आहेत. भाड्याचा करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याविषयी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे घरमालकाने सिद्ध करेपर्यंत. हे कलम ५५. आपले लोक उलट समजतात. 'आमच्याकडे कागद नाही, आमचं कोण ऐकणार' असं म्हणून घरी बसतात. कागद केला नाही ही चूक कायद्याने मालकाची मानली आहे, त्यासाठी शिक्षाही सांगितली आहे.

तसंच कलम २९. भाडेकरू निघून जावा म्हणून पाणी तोडणं, लाईट बंद करणं, जिन्याचा रस्ता अडवणं हे योग्य कारणाशिवाय करता येत नाही, आणि ते पुन्हा सुरू करून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. भाड्याचे दावे मुंबई, पुणे अशा ठिकाणी लघुवाद न्यायालयात चालतात, आणि जिथे ते न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

एक सावधगिरी. आज शहरात बहुतेक घरं अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर मिळतात. त्यात कायदा तुम्हाला भाडेकरू मानत नाही, परवानाधारक मानतो, आणि मुदत संपल्यावर तुमची बाजू खूपच कमजोर होते. मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट रक्कम मागितली जाऊ शकते. पण तिथेही मालकाने स्वतः कुलूप घालायचं नसतं, त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. त्या प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते केलं नाही तर तुमचं न ऐकताच निकाल लागतो. म्हणून समन्स हातात आलं की त्याच आठवड्यात कुणाकडून तरी वाचून घ्या.

मोफत वकील म्हणजे नक्की काय

आपल्या राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ घातला गेला. गरिबीमुळे कुणी न्यायाला मुकू नये, सरकारने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं त्यात आहे. त्यावरून विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ आला, आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. आज दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण आहे, मुंबईत राज्याचं आहे, प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. जिल्ह्याचे अध्यक्ष खुद्द जिल्हा न्यायाधीश असतात. रोजचं काम बघणारे सचिवही न्यायाधीशच असतात. म्हणजे ही कुणाची मेहरबानी नाही, झकात-खैरातही नाही. आपला हक्क आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्यातले इज्जतदार लोक 'मोफत' शब्द ऐकला की मागे सरकतात.

कुणाला मिळते? इथे एक गैरसमज आधी काढून टाकते. 'मुसलमान असल्यामुळे मोफत वकील मिळतो' असं काहीजण सांगत फिरतात. तसं नाही. कायद्याच्या कलम १२ मध्ये धर्मावरून पात्रता नाही. पण जी यादी आहे त्यात आपली बहुतेक घरं बसतात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्त्री. कोणतीही स्त्री, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो, या मदतीला पात्र आहे. मूलही पात्र आहे. दिव्यांग व्यक्ती, कोठडीत असलेला माणूस, औद्योगिक कामगार, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत किंवा जातीय-वांशिक हिंसाचारात सापडलेला माणूस, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, हे सगळे पात्र. आणि यापैकी काहीच नसेल तर उत्पन्न बघतात. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्याला मदत मिळते. सुप्रीम कोर्टातल्या कामासाठी ही मर्यादा पाच लाख आहे.

आता व्यवहाराची गोष्ट. भाड्याची खोली अम्मी किंवा भाभीच्या नावावर असेल, किंवा डिपॉझिट तिच्या खात्यातून गेलं असेल, तर अर्ज तिनेच करावा. उत्पन्नाच्या दाखल्याची धावपळ वाचते. यात लबाडी नाही, ज्याचा हक्क त्याचा अर्ज. पण नाव तिचं नसताना उगीच तिला पुढे करू नका, वकील पहिल्याच तारखेला अडचणीत येतो.

अर्ज कसा करायचा? तालुका कोर्टात जा आणि दारावरच्या शिपायाला 'विधी सेवा समितीचं ऑफिस कुठे' असं विचारा. छापील अर्ज असतो, नसेल तर साध्या कागदावर चालतो. लिहिता येत नसेल तर तिथे विधी स्वयंसेवक असतात, ते लिहून घेतात. सोबत आधारकार्ड, उत्पन्नाचा दाखला किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, आणि प्रकरणाचे जे काही कागद असतील त्यांच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणालाही देऊन येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका. एवढी सवय लावली तरी निम्मी कामं सोपी होतात.

कोर्टापर्यंत जाणं जमत नसेल तर १५१०० हा मोफत हेल्पलाईन नंबर देशभर चालतो. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या वेबसाईटवरूनही अर्ज जातो.

मोफत म्हणजे वकिलाची फी, कोर्ट फी, टायपिंग, नकला, समन्स बजावणीचा खर्च, हे सगळं. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. 'साहेबांना चहापाणी' म्हणून कुणी मागितलं, तर सचिवांकडे लेखी तक्रार करा. कोर्टाच्या आवारात 'मी तुम्हाला मोफतचा वकील लावून देतो, फक्त पाचशे द्या' असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्यापासून दोन हात लांब राहा.

आणि खरं बोलायचं तर, मोफत मिळालेला प्रत्येक वकील मन लावून काम करतोच असं नाही. काही फोन उचलत नाहीत, काही तारखेला ज्युनिअरला पाठवतात. पैसे देऊन लावलेले वकीलही असंच करतात, ही गोष्ट वेगळी. पण इथे तुमच्याकडे एक उपाय आहे. वकील बदलून द्या, असा अर्ज प्राधिकरणाकडे करता येतो. भांडायचं नाही, फक्त कोणत्या तारखेला काय झालं नाही ते लिहायचं. अर्जच नामंजूर झाला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं.

'तुमचं नाव काय म्हणालात?'

आता दुसऱ्या दुखण्याकडे येते. हे मी स्वतः भोगलं आहे. मुलगी शहरात शिकायला गेली तेव्हा घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं, डिपॉझिट, कोणत्या मजल्यावर पाणी कमी येतं, सगळं. मग समोरून विचारणा व्हायची, 'नाव काय म्हणालात?' नाव सांगितलं की दोन सेकंद शांतता, आणि मग 'मॅडम, सोसायटीला विचारून सांगते'. त्यातल्या एकीचाही फोन परत आला नाही. माझ्या मराठीवरून त्यांना आधी अंदाज आलेला नसायचा, हेही खरं.

याविरुद्ध कायदा आहे का? सरळ उत्तर द्यायचं तर, जेवढा हवा तेवढा नाही. घटनेचा अनुच्छेद १५ धर्मावरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतो. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी यांच्याबाबत तो नागरिकांनाही लागू होतो. पण खाजगी घरमालकाने आपली खोली कुणाला द्यावी, यावर बंधन घालणारा भेदभावविरोधी कायदा आपल्या देशात अजून झालेला नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर मिळताना येणाऱ्या अडचणीची नोंद आहे, आणि समान संधी आयोग नेमावा अशी शिफारसही आहे. तो आयोग झाला नाही.

त्यातच सुप्रीम कोर्टाचा २००५ चा एक निकाल लोक दाखवतात. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचं ते प्रकरण होतं. सभासद फक्त पारशीच असतील, हा त्या संस्थेचा नोंदणीकृत उपविधी कोर्टाने वैध धरला. त्यामुळे 'सोसायटी काहीही करू शकते' असा समज पसरला आहे. हा समज मात्र चुकीचा आहे. तो निकाल उपविधीत तसं लिहिलेल्या संस्थेबद्दल होता. आपल्या शहरांतल्या बहुतांश सोसायट्या सरकारच्या आदर्श उपविधींवर चालतात, आणि त्यात सभासदाच्या धर्माची कोणतीही अट नाही.

म्हणून इथे दोन परिस्थिती वेगळ्या करून बघा.

तुम्ही फ्लॅट विकत घेतला आहे आणि सोसायटी सभासद करून घेत नाही, तर तुमची बाजू मजबूत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर कारण लेखी मागा. नकाराविरुद्ध उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अपील करता येतं. हस्तांतरण शुल्काच्या नावाखाली लाख-दोन लाख मागून पळवून लावायचा प्रकारही चालतो. महानगरपालिका क्षेत्रात ते शुल्क जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये असतं, हे सरकारने २००१ मध्येच ठरवून दिलं आहे. अपीलासाठी कागद तयार करायला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो.

तुम्ही भाड्याने घेताय, मालक तयार आहे, पण सोसायटीचे सेक्रेटरी आडवे येतात, तर लक्षात ठेवा की आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सभासदाला सोसायटीच्या परवानगीची गरज नाही. त्याने आठ दिवस आधी कळवायचं असतं, एवढंच. एनओसी हा बहुतेक वेळा नुसता धाक असतो. पण इथली तक्रार मालकाला करावी लागते, आणि बहुतेक मालक शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायला तयार नसतात. तुम्ही त्याला उपविधी दाखवू शकता, त्याच्या वतीने भांडू शकत नाही. असा एखादा मालक ठाम राहिला तर त्याला दुआ द्या. असे मालक आहेत, आमच्या मुलीला शेवटी अशाच एका जोशीकाकूंसारख्या बाईंनी खोली दिली.

आणि मालकच 'नको' म्हणाला तर? घर द्यायला भाग पाडण्याचा रस्ता नाही. पण टोकन घेतलं असेल तर ते परत मागा. दलालाने दलाली घेऊन हात वर केले असतील तर ती सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ वर फोन केला तर आधी तडजोडीचा प्रयत्न होतो.

एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते, लेखी घ्या. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका तरुणाला एका हिरे कंपनीने ईमेलवर उत्तर पाठवलं की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. त्याने तो ईमेल जपून ठेवला, लोकांसमोर मांडला, आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. धर्मामुळे नागरिकांचे हक्क नाकारावेत असं म्हणणं हा भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-ब खाली गुन्हा होता, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम १९७ आहे. तेच वाक्य फोनवर बोललं गेलं असतं तर काहीच हातात उरलं नसतं. म्हणून फोन ठेवल्यावर एक व्हॉट्सअॅप मेसेज टाकायचा: 'आज आपलं बोलणं झालं, आपण घर न देण्याचं हे कारण सांगितलं, बरोबर ना?' उत्तर आलं तर पुरावा, नाही आलं तरी तारीख नोंदली गेली.

पोलिसांनी तक्रारच घेतली नाही, नगरपालिकेच्या माणसाने धर्म काढून हिणवलं, सरकारी योजनेच्या घरात डावललं, असं असेल तर राज्य मानवी हक्क आयोग आहे. साध्या कागदावर, बिनफीची तक्रार चालते, पण घटनेला एक वर्ष व्हायच्या आत. राज्य अल्पसंख्याक आयोगालाही लिहिता येतं. हे आयोग अहवाल मागवतात, अधिकाऱ्याला बोलावतात, शिफारस करतात. निकाल देऊन घर मिळवून देत नाहीत. तरीही अधिकाऱ्याच्या टेबलावर आयोगाचं पत्र आलं की फाईल हलते, हे मी पाहिलं आहे.

नोटीस आली, बुलडोझर येणार म्हणतात

झोपडपट्टीत, गावठाणाबाहेर, गुंठेवारीत राहणाऱ्या कुटुंबांसाठी सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल महत्त्वाचा आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग उत्तराला किमान पंधरा दिवस (स्थानिक कायद्यात जास्त मुदत असेल तर ती), समक्ष सुनावणी, मग कारणांसह आदेश, आणि आदेशानंतरही पंधरा दिवस. नोटीस रजिस्टर पोस्टाने यायला हवी आणि घरावर चिकटवायला हवी. पाडकामाचं चित्रीकरण व्हायला हवं. हे पाळलं नाही तर अधिकाऱ्याकडून भरपाई वसूल होऊ शकते.

मात्र रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला हे संरक्षण नाही, आणि कोर्टानेच पाडायचा आदेश दिला असेल तिथेही नाही. त्यामुळे मोबाईलवर फिरणाऱ्या 'आता कुणीही घर पाडू शकत नाही' अशा मेसेजवर विसंबू नका.

नोटिशीचं पाकीट फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून मुदत मोजतात. चिकटवलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढा. घरपट्टी, लाईटबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, मुलांच्या शाळेचा दाखला, हे सगळं एका फाईलमध्ये लावा. झोपडीधारकांसाठी १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या दोन तारखा निर्णायक आहेत. पहिल्या तारखेआधीच्या पात्र रहिवाशाला मोफत पुनर्वसन, त्यानंतर २०११ पर्यंतच्याला सशुल्क. तुमच्या शाळेचा जुना दाखलाही इथे पुरावा ठरतो, मुख्याध्यापकांकडे मागा. आणि नोटिशीचं उत्तर लेखी द्या, पोच घ्या. तोंडी 'साहेबांशी बोलणं झालंय' याला कोर्टात किंमत नाही. मनाई हुकूमासाठी वकील विधी सेवा प्राधिकरणाकडूनच मिळतो. मुंबईत घरांच्या हक्कांवर 'युवा' ही संस्था १९८४ पासून काम करते, तिचे कार्यकर्ते कागद लावायलाही मदत करतात.

घरातल्या घरात

घराचा प्रश्न म्हटला की आपण मालक आणि सोसायटीकडे बोट दाखवतो. माझ्याकडे येणाऱ्या बायांपैकी निम्म्या सासर-माहेरच्या घरातून बाहेर काढलेल्या असतात. माझ्या एका विद्यार्थिनीची अम्मी, शिवणकाम करणारी, नवरा वारल्यावर चाळीसाव्याच्या आतच दिराने तिला खोली रिकामी करायला सांगितली. मारहाण, शिव्या चालूच होत्या. ती मात्र चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, सगळ्या धर्मांच्या स्त्रियांना लागू. त्यात सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज गेला, वकील मोफत मिळाला, अंतरिम आदेश झाला. ती आजही त्याच खोलीत शिलाई मशीन चालवते. मुंबईतल्या बायांसाठी 'मजलिस' ही वकील स्त्रियांची संस्था १९९१ पासून आहे, तिचं नाव लक्षात ठेवा.

म्हाताऱ्या आई-वडिलांनी मुलाला घर हिबा करून दिलं आणि मुलाने त्यांनाच बाहेर काढलं, असंही होतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर असेल तर तो व्यवहार रद्दही होऊ शकतो. म्हणून हिबा करताना ही अट लिहून घ्या. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, मला कळतं.

आणि जमातीचं. कोकणात, आमच्याकडेही काही गावांत, जमात एखाद्या घराला वाळीत टाकते. लग्न-मय्यतीला जाऊ नका, दुकानातून सामान देऊ नका. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा, तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीने घर नाकारलं तर हा कायदा चालत नाही, तो आपल्याच समाजाने आपल्या माणसावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे. बाहेरच्या भेदभावाबद्दल बोलायचं आणि याबद्दल गप्प बसायचं, हे मला जमत नाही.

बेकरीवाल्या भाईंचं काय झालं

वकीलबाईंनी ताब्याच्या दाव्याऐवजी डिपॉझिटचा विषय लोकअदालतीत न्यायचं ठरवलं. केस दाखल करायच्या आधीच असा अर्ज देता येतो, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात. फी नाही. प्राधिकरणाची नोटीस घरमालकाला गेली. जो माणूस मोहल्ल्यातल्या मोठ्यांना आठ महिने 'बघू' सांगत होता, तो न्यायाधीशांच्या सहीचा कागद बघून पहिल्याच तारखेला हजर झाला. डिपॉझिट घेतलंच नाही म्हणाला. पण भाईंच्या बायकोने एक वही आणली होती. दर महिन्याचं भाडं, तारीख, आणि पहिल्या पानावर चाळीस हजारांची नोंद, खाली मालकाच्या मुलाची सही. उर्दूत लिहिलेली वही. मी बाजूला बसून वाचून दाखवली.

पंचवीस हजारांवर तडजोड झाली, दोन चेकमध्ये. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी वकीलबाईंनी त्यांना तीनदा विचारलं, 'कबूल आहे ना?' ते हो म्हणाले. पंधरा हजार गेले, खोली गेली. मुलगी आता रोज दोन बस बदलून शाळेत येते.

परवा त्यांनी नव्या खोलीचा करार माझ्याकडे वाचायला आणला. नोंदणी केलेला होता. सही करण्याआधी आणला होता.